दिवा वाढव

माझी भावजय रेखा हिने आयुष्यात पहिली वस्तू स्वतःच्या पसंतीने घेतली तेव्हा तिची सदुसष्टी उलटली होती, आणि ती वस्तू म्हणजे एक दिवा. समई नाही, झुंबर नाही. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीवर टांगायचा, निळा-पांढरा उजेड देणारा दिवा.

वाढवून सांगायची मला सवय नाही. लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या त्यांच्या घरातला सोफा, बॉयलर, बाथरूमच्या फरशा, आजवरच्या सगळ्या मोटारी, इतकंच काय रेखाच्या नाकावरच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा माझ्या धाकट्या भावाने, विनयने निवडलेली. आणि ही बाई नोकरीला कुठे होती, तर चष्म्याच्या दुकानात. निम्मं आयुष्य लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून ‘ही बरी की ती?’ विचारण्यात गेलं. तिला तो प्रश्न कोणी विचारला नाही. विनय वाईट माणूस नाही, इंजिनिअर आहे. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की बसून सगळे रिव्ह्यू वाचतो आणि त्यातली सगळ्यात ताकदवान उचलून आणतो. त्यांच्या टोस्टरमध्ये पाव घातला तर कोळसा बाहेर येतो, पण टोस्टर उत्तम आहे.

रेखा मूळची वाईची. वडिलांचं बाजारपेठेत किराणा मालाचं दुकान. त्या घरात बोलण्याची एक जुनी शिस्त होती, ती तिने इथे येतानाही ट्रंकेत घालून आणली. संध्याकाळी दुकान बंद करत नसत, ‘वाढवत’ असत. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली. आणि दिवा कधी विझवायचा नाही, मालवायचासुद्धा नाही. दिवा वाढवायचा. अशुभ शब्द तोंडातून जायला नको म्हणून सगळ्याच शेवटांना वाढ म्हणायचं. मला हे लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे त्यात काही चमत्कारिक आहे असं कधी वाटलं नाही. विजेच्या दिव्यांना मात्र रेखासुद्धा चारचौघांसारखं ‘लाइट ऑफ कर’ म्हणायची. जुना शब्द फक्त देवापुढच्या निरांजनासाठी राखून ठेवलेला.

पेटी आली ती मिस्टर ऑल्ड्रिज यांच्याकडून. ते रेखाच्या दुकानातलं जुनं गिऱ्हाईक. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर ते मुलीकडे वेल्सला राहायला निघाले, आणि मुलीच्या घरात काचपेटीला जागा नव्हती. त्यांच्या पेटीत एक पोवळं होतं. अंगठीत घालतात ते मेलेलं लाल पोवळं नाही, जिवंत. हिरवट-तपकिरी, बोटांसारखे मऊ मऊ शेंडे आणि प्रत्येक शेंड्याच्या टोकाला हातोडीसारखा आडवा आकार. इंग्रजीत त्याला हॅमर कोरल म्हणतात. रेखा पहिल्या दिवसापासून पोवळंच म्हणाली. दुकानात इतकी माणसं होती, पण त्या पोवळ्याची चौकशी करणारी ती एकटीच, म्हणून ऑल्ड्रिजसाहेबांनी ती पेटी तिला देऊन टाकली. जाताना दोन गोष्टी सांगितल्या. वरच्या ट्यूबा म्हाताऱ्या झाल्यात, दिवा आधी बदल. आणि दुकानवाले तुला सूर्य विकायला येतील, तो घेऊ नकोस.

विनयने पेटीकडे बघून पहिल्याच दिवशी निकाल दिला. दिवा आपण निवडू, बसवूही; पण एवढं करून ते जगलं नाही, तर पेटी सरळ देऊन टाकायची, घरात सडकं पाणी नको. रेखा पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “दिवा मी निवडणार आहे.”

विनयला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मला वाटलं इतक्या वर्षांनी कोणीतरी खिडकी उघडली. झालं, पैज लागल्यासारखंच झालं. पोवळं जगलं तर रेखाची निवड खरी. मेलं तर पेटीही गेली आणि तिचा शब्दही गेला, आणि यापुढे त्या घरात पडद्याचा हूकसुद्धा विनयला विचारून येणार.

दिवा बघायला आम्ही तिघं गेलो. इंडस्ट्रियल इस्टेटमधलं मोठं दुकान, आत भिंतभर पेट्या, प्रत्येकीवर निराळा दिवा. विनय सरळ सगळ्यात मोठ्या दिव्यापाशी जाऊन उभा राहिला. मोबाइलवरून चालणारा, ढग आणतो, वीज चमकवतो, समुद्रावरची पहाट करतो. मी म्हटलं, एवढं असेल तर चहापण करतो का विचार. विक्रेता पोरगा चलाख होता. त्याने गर्द निळा दिवा लावला आणि पेटीतली सगळी पोवळी एकदम गणपतीच्या रोषणाईसारखी पेटून उठली. विनय गार. खरं सांगायचं तर मीही.

रेखा जवळ गेली, वाकून बघितलं आणि त्या मुलाला म्हणाली, आता हा निळा काढ आणि साध्या पांढऱ्यात दाखव. साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्यात घेतो का? दारात नेऊन उन्हात धरतो. तेच तिने केलं. पांढऱ्या उजेडात ती रोषणाई उतरली आणि दोन पोवळी तर चक्क आजारी दिसली. मग तिने पर्समधून एक यंत्र काढलं. क्रॉयडनच्या पेटीवाल्यांचा एक क्लब आहे, त्याच्या सेक्रेटरी डोरीनबाई. त्यांनी तिला उसना दिलेला मीटर. पाण्यात बुडवला की तिथपर्यंत किती उजेड पोचतो ते दाखवतो. त्या मुलाला हे आवडलं नाही, पण बाई गोड बोलत होती आणि बाही वर करून हात पाण्यात घालून मोकळी झाली होती.

विनयच्या सूर्याखाली मीटरचा आकडा इतका वर गेला की विनयच खूश झाला. रेखा म्हणाली, आपलं पोवळं मध्यम उजेडात राहणारं, त्याला याच्या पावपटसुद्धा नको. विनय म्हणाला, जास्त असलेलं काय वाईट? त्यावर ती जे बोलली ते मला अजून आठवतं. “अहो, दिवा आपल्याला बघायला नाही, त्याला जेवायला आहे. कोणी आपल्या पानात घमेल्याने भात ओतला तर चालेल का?”

आणि तिने एक लहानसा, लांबट दिवा घेतला. मोबाइल नाही, ढग नाहीत. दोन बटणं फक्त, एक निळ्याचं, एक पांढऱ्याचं, रेडिओच्या आवाजासारखी फिरवायची. गाडीत बसल्यावर विनय म्हणाला, “कंदील घेतलास.” पुढचे काही आठवडे त्या दिव्याचं त्या घरात कंदील हेच नाव होतं. पाहुणे आले की तो म्हणायचा, या, आमचा कंदील बघा.

दिवा बसला तरी लगेच जोरात लावायचा नव्हता. जुन्या ट्यूबा इतक्या मंद झाल्या होत्या की पोवळ्याला अंधाराची सवय लागलेली. डोरीनबाईंनी बजावलं होतं, बटणं अगदी खाली ठेव आणि हळूहळू चढव. रेखा सकाळी स्वतःच्या हाताने दिवा लावायची आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने घालवायची. टायमर लावून देतो म्हणून विनय मागे लागला, तिने ऐकलं नाही. निरांजनाला टायमर लावतात का म्हणाली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की तो दिवा तिच्या मनात कुठल्या ओळीत जाऊन बसला आहे.

ऑगस्टच्या शेवटी आमची मामेबहीण स्वाती हिच्या मुलाचं लग्न निघालं, एडिनबराला. आम्ही तिघंही जाणार. पेटी सांभाळायला तनू आली, रेखा-विनयची मुलगी. मँचेस्टरला हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे, जन्म इथलाच. हुशार, प्रेमळ, आणि मराठी असं की ‘माझी बाबा’ म्हणते. आईने तिला सगळं समजावून दिलं: पाणी कुठे भरायचं, दिवा कधी लावायचा. उजेड म्हणजे त्याचं जेवण, हे तर दोनदा सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

आमची रेल्वेगाडी न्यूकॅसलच्या पुढे गेली असेल तेव्हा तनूचा फोन आला. रेखा माझ्या शेजारीच बसली होती आणि फोन स्पीकरवर. “आई, ती कोरल आज थोडा आत गेला आहे. श्रिंक झाली आहे. वरी करू का?”

रेखाचा चेहरा पडला. बटण आदल्याच दिवशी जरासं चढवलं होतं, तेच सोसलं नसेल, असं तिला वाटलं. समुद्राकाठची ती लाइन, फोन तुटत होता, घाईत तिच्या तोंडून घरातला जुना शब्द आला. “मग दिवा वाढव. आणि आम्ही येईपर्यंत तसंच राहू दे, दुसरं काही करू नकोस.”

“वाढवू? शुअर?”

“हो गं, वाढव.”

मी हे सगळं कानांनी ऐकलं आणि मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं. चार दिवस अंधारात राहून पोवळं मरत नाही, उलट विसावा मिळतो. आम्ही डबा उघडला आणि दशम्या खाल्ल्या.

लग्नात रेखा रोज संध्याकाळी बाजूला जाऊन फोन करायची. दिवा वाढवलेलाच आहे ना? हो आई, वाढवलेला आहे. बरं झालं बाई. दोघी मायलेकी समाधानी. विनय नवरीकडच्यांना मायक्रोवेव्ह कोणता घ्यावा हे सांगत होता.

परत आलो ती संध्याकाळच होती. तनूने नुकताच दिवसभराचा दिवा बंद केलेला. रेखाने चप्पल न काढता पेटीकडे जाऊन टॉर्च मारला आणि तिथेच उभी राहिली. पोवळ्याचे शेंडे सुकलेल्या चिंचेसारखे आत गेलेले. हिरवा रंग नाही, तपकिरी नाही. पांढरं. खालचा दगडी सांगाडा कडेने दिसायला लागलेला.

तनू रडायला लागली. विनयने कोट काढायच्या आधी मोबाइल काढला. त्याचं म्हणणं स्वच्छ होतं. उपाशी राहिलं ते. कंदिलाचा उजेड पुरला नाही, आपण आधीच सांगत होतो. त्या मोठ्या दिव्याची ऑर्डर आत्ता दिली तर उद्या येईल, वाचलं तर वाचेल. आणि रेखा, जी पोळ्या लाटताना एवढं बोलली होती, ती खुर्चीवर बसून म्हणाली, “मागवा तुम्ही. मला नाही कळलं.”

मला तिचा इतका राग आला की मीच तिच्यावर तडकले. म्हटलं, चार दिवस अंधारात ठेवलेली वस्तू आणि हा म्हणतो उजेड पुरला नाही, आणि तू मान डोलावतेस?

“अंधारात कशाला, आत्या?” तनू नाक पुसत म्हणाली. “मी फुल ठेवला होता.”

“फुल काय?”

“लाइट. आई म्हणाली वाढव. मी दोन्ही नॉब वाढवली. फुल. रोज सकाळी लावायची तेव्हा फुल.”

विनयचं बोट ऑर्डरच्या बटणावर तसंच थांबलेलं. रेखाने हळूच विचारलं, “अगं, दिवा वाढव म्हणजे काय?”

“इन्क्रीज.” तनूला ही परीक्षा वाटली बहुतेक, ती भराभर बोलायला लागली. “पोळ्या वाढ म्हणतेस तेव्हा मी देते ना? भात वाढ. मोअर. तू म्हणालीस लाइट म्हणजे तिचा जेवण. ती भुकेली होता, तू म्हणालीस वाढव. मी वाढवलं.”

यात त्या पोरीचं काय चुकलं सांगा. तिच्या जागी पुण्यातली आजची पोरगी असती तरी तिनेही बटण वरच फिरवलं असतं. मी हसायला लागले, थांबवता येईना. रेखा माझ्याकडे बघून म्हणाली, “वन्सं, हसू नका.” ती मला एरवी ताई म्हणते, वन्सं म्हणाली की समजायचं पारा चढला. पण हा पारा माझ्यावर नव्हता. ती खुर्चीवरून उठली होती.

“अहो,” ती विनयला म्हणाली, “तो मोबाइल खाली ठेवा.”

“अगं पण...”

“खाली ठेवा म्हणते. हे उपाशी नाही राहिलं. हे पोळलंय. पोवळ्याच्या अंगात शेवाळासारखे बारीक जीव राहतात, ते उजेडावर स्वयंपाक करतात आणि त्याला जेवू घालतात. उजेड अति झाला की ते त्यांनाच बाहेर हाकलतं आणि असं पांढरं पडतं. तुमचा सूर्य आणला असता तर उद्या सकाळी उरलेलं मेलं असतं.” मग पुढे म्हणाली, “आणि ज्याला तुम्ही कंदील कंदील म्हणत होतात ना, त्या कंदिलाने पोळलंय. म्हणजे पुरेसा होता का नाही माझा दिवा?”

विनयने मोबाइल खिशात घातला. इंजिनिअर आहे शेवटी, सिद्ध झालेलं त्याला कळतं.

त्यानंतरची गोष्ट चिकाटीची आहे, आणि चिकाटीबद्दल लिहायला मला कंटाळा येतो, म्हणून थोडक्यात सांगते. रेखाने बटणं अगदी तळाला आणली. दिव्याची वेळ अर्ध्यावर आणली. पोवळ्याला स्वतःचा स्वयंपाक करता येत नाही तोवर आपण भरवायचं, असं डोरीनबाईंनी सांगितलं, तेव्हा जन्मात अंड्याला हात न लावलेली ही बाई कोळंबीचे बारीक तुकडे करायला शिकली. वेगळी सुरी, वेगळी फळी, तोंडाला पदर असल्यासारखा स्कार्फ. चिमट्याने पोवळ्याच्या एकेका तोंडाला तुकडा टेकवायची आणि ते हळूच मिटेपर्यंत श्वास धरायची. विनय दारात उभा राहून बघायचा. एकदा मीटर नीट धरायला म्हणून त्याला बोलावलं, तेव्हा आकडा त्याने मोठ्याने वाचला, पण त्यावर मत दिलं नाही. मी तारीख लिहून ठेवायला हवी होती.

दसऱ्यापर्यंत काही नाही. दिवाळीत एका शेंड्याच्या बुडाशी मळकट तपकिरी डाग दिसला. रेखाने मला फोन केला आणि म्हणाली, ताई, मळ आलाय, मळ. मुलाला पहिला दात आल्यासारखं सांगत होती. तो मळ म्हणजे परतलेले बारीक जीव. नाताळात तपकिरीवर हिरवी झाक आली, आणि थंडी सरता सरता पोवळ्याने पूर्ण अंग फुलवलं: हिरवे शेंडे, टोकांना फिकट जांभळ्या हातोड्या, पाण्याबरोबर सगळं डुलतंय. वसंतात डोरीनबाई येऊन भिंगातून बघून गेल्या आणि म्हणाल्या, एका तोंडाची दोन होताहेत. पोळलेलं पोवळं नुसतं वाचलं नाही, फुटवे धरायला लागलं.

क्लबात एक पद्धत आहे. वर्षातून एकदा सगळे सभासद एका रविवारी कोणाच्या तरी घरी त्याची पेटी बघायला जमतात. मे महिन्यात तो रविवार रेखाकडे आला. दिवाणखान्यात माणूस मावेना. मी बटाटेवडे तळत होते आणि दारातून बघत होते. रेखाच्या नाकावर नवी फ्रेम होती, लाल. कोणाला विचारलेली नव्हती.

एका उंच गृहस्थाने सवयीप्रमाणे विनयला गाठलं. दिवा कोणता, किती ताकदीचा, का हाच घेतला? विनयने तोंड उघडलं. मी झारा हातात धरून थांबले. चाळीस वर्षांचा सराव असलेलं ते तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते एवढंच: “मला नका विचारू. तो दिवा हिने निवडलाय. मी याच्यापेक्षा वाईट घेणार होतो.”

मग सगळे रेखाकडे वळले. ती पेटीशेजारी उभी राहून बोलली. निळा किती, पांढरा किती, आपल्या डोळ्याला काय छान दिसतं आणि त्या जिवाला काय लागतं यातला फरक, आणि दुकानात रोषणाई बघून भुलायचं कसं नाही. साडी दारात नेऊन बघण्याची गोष्टही सांगितली. ती ऐकून दोघी-तिघी इंग्रज बायकांनी माना डोलावल्या, पडद्याच्या कापडाचं आमच्याकडेही असंच म्हणाल्या. वाढवण्याची गोष्ट मात्र तनूनेच सांगितली, स्वतःवर हसत, आणि ‘वाढव’ या शब्दाचे तिने इंग्रजीत इतके अर्थ सांगितले की डोरीनबाई म्हणाल्या, तुमच्या भाषेत फोनवर पेटी सांभाळायला देणं धोक्याचं आहे. जाताना चौघांनी फुटव्यासाठी नंबर लावला. रेखा म्हणाली, देईन, पण आधी तुमचा दिवा बघायला येईन.

संध्याकाळ झाली, माणसं पांगली. रिकाम्या कपबशा गोळा करताना तनूने पेटीकडे बघितलं आणि विचारलं, “आई, दिवा वाढवू?”

विनय सोफ्यावरून उठलाच. “कमी, कमी.”

“बाबा, बसा तुम्ही,” तनू म्हणाली. “मला माहीत आहे.”

रेखा कप विसळत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “वाढव गं.”

तनूने आधी पांढरं बटण खाली आणलं, मग निळं, आणि अलगद भिंतीवरचा खटका दाबला. पेटीत अंधार झाला. पोवळं आपल्या जागी डुलत होतं.